एकच आकाश, अनेक बोलणारे



आजच्या विषयाचे शास्त्रीय नाव जड आहे. अल्पशक्तीच्या व रुंद पट्ट्याच्या बिनतारी संदेशवहनात एका वापरणाऱ्याचा दुसऱ्याला होणारा व्यत्यय आणि त्याचे नियमन, असे ते सांगता येईल. नाव जड असले तरी प्रश्न सोपा आहे. एकाच जागेत पुष्कळांना एकाच वेळी बोलावयाचे आहे. कोणाचे बोलणे कोणी बुडवू नये, यासाठी काय करावे? कामगार चळवळीत उमेद घालविलेल्या माणसाला हा प्रश्न परका नाही. कारखान्याच्या दारापाशी दोन संघटनांच्या सभा एकाच वेळी लागल्या म्हणजे काय होते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. एकाने कर्णा मोठा केला की दुसरा त्याहून मोठा करतो. मग पहिला आणखी चढवितो. शेवटी गोंगाट तेवढा वाढतो आणि ऐकू एक अक्षरही येत नाही. बिनतारी लहरींचे नेमके असेच आहे.

आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. जे थोडेफार कळले ते रात्रशाळेत, ग्रंथालयात आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून कळले. म्हणून गणित शक्य तितके बाजूला ठेवून, शेतकऱ्याला व कामगाराला पटेल अशा रीतीने हा विषय मांडावा, असा विचार आहे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना तर तो केवळ पुस्तकी नाहीच. खोडदच्या दुर्बिणीमुळे इथल्या कारखान्यांचा, रेल्वेचा आणि तरुणांच्या रोजगाराचा प्रश्न या विषयाशी बांधला गेला आहे. ज्या गोष्टीसाठी आपल्याला काही सोडावे लागते, ती गोष्ट काय आहे हे समजून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

पट्टा आणि खरखर

बिनतारी लहर प्रकाशाचीच बहीण आहे. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. तिला वाहून नेण्यास हवा लागत नाही. एका सेकंदात ती किती वेळा हेलकावते, ती तिची कंपनसंख्या. सेकंदाला दहा लाख हेलकाव्यांना एक मेगाहर्ट्झ म्हणतात. आकाशवाणीची एफ. एम. केंद्रे १०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आपल्या खिशातील मोबाईल ९०० मेगाहर्ट्झजवळ आणि त्याच्याही वर बोलतो. संदेश पाठवावयाचा तर एकच कंपनसंख्या पुरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते. त्या जागेला पट्टा म्हणू. बैलगाडीच्या वाटेला जशी रुंदी असते, तशी ही संदेशाच्या वाटेची रुंदी.

दुसरी गोष्ट खरखर. जगातले कोणतेही ग्राहकयंत्र पूर्ण शांत नसते. त्याच्या स्वतःच्या भागांतील उष्णतेमुळे, आकाशातून व जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गामुळे त्यात सतत एक मंद खरखर चालू असते. संदेश ऐकू येण्यासाठी तो या खरखरीतून वेगळा निवडता आला पाहिजे. आता शेजाऱ्याचा संदेश हा शेजाऱ्यासाठी अर्थपूर्ण असतो, पण आपल्यासाठी तो खरखरीतली भर असतो. व्यत्यय म्हणतात तो हाच.

वाटणीच्या रीती

बिनतारीच्या आरंभी वाटणी अशी नव्हतीच. मार्कोनीच्या काळातील यंत्रे ठिणगी पाडून लहरी निर्माण करीत. ठिणगीची लहर एका कंपनसंख्येवर राहत नाही. ती मोठ्या रुंदीवर पसरते. त्यामुळे दोन यंत्रे जवळ आली की एकमेकांवर आदळत. १९०१ साली अमेरिकेत शिडाच्या नौकांच्या शर्यतीची बातमी बिनतारीने देण्यास प्रतिस्पर्धी कंपन्या एकदमच पुढे सरसावल्या आणि त्यांच्या संदेशांचा विचका झाला. १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्राराष्ट्रांची परिषद भरली व नियमांची सुरुवात झाली. तेव्हापासून वाटणीच्या ज्या रीती निघाल्या, त्या आपल्या शेतीवाडीत आधीपासूनच आहेत.

पहिली रीत बांधाची. पट्ट्याचे तुकडे पाडावयाचे आणि ज्याचा तुकडा त्याने त्यातच बोलावयाचे. आकाशवाणीची निरनिराळी केंद्रे निरनिराळ्या आकड्यांवर लागतात ती यामुळे.

दुसरी रीत पाळीची. कुकडी प्रकल्पाच्या कालव्याला आवर्तन सुटते तेव्हा पाट एकच असतो, पण प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. जुन्या जी. एस. एम. पद्धतीच्या मोबाईलमध्ये हेच होते. एका वाटेवर आठ जणांच्या पाळ्या लागत आणि प्रत्येक पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असे. म्हणून बोलणाऱ्याला आपण पाळीने बोलतो आहोत याचा पत्ताही लागत नसे.

तिसरी रीत अंतराची. यात्रेच्या हंगामापूर्वी नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. तिथे सर्व फड शेजारी शेजारी बसतात, पण खेळ मात्र वेगवेगळ्या गावी करतात; ढोलकी तीच असली तरी तंटा होत नाही. तीच कंपनसंख्या पुरेशा दूरच्या गावी पुन्हा वापरता येते. १९२७ साली विलायतेशी बिनतारी तारा सुरू झाल्या तेव्हा आपल्याच जिल्ह्यात प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण दौंडला ठेवले होते. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान दूर ठेवण्याचा तो शहाणपणा होता.

या तीन रीतींत एक दोष आहे. बांध घातले की वाटेकरी वाढल्यावर तुकडे पुरत नाहीत. पाळ्या लावल्या की वाट पाहावी लागते. अंतर ठेवावे तर माणसे दाटीनेच राहतात. म्हणून चौथी रीत निघाली, आणि आजच्या विषयाचा गाभा तीच आहे.

कुजबुज, पण रुंद

चौथी रीत अशी की कोणाला बांध नाही, कोणाला पाळी नाही. सर्वांनी एकाच रुंद पट्ट्यावर एकाच वेळी बोलावे. परंतु प्रत्येकाने दोन पथ्ये पाळावीत. आवाज अगदी हळू ठेवावा, आणि आपल्या संदेशाला आपली अशी एक खूण लावावी.

खूण म्हणजे काय? समजा, बाजारात दहा जण दहा भाषांत बोलत आहेत. मराठी माणसाचा कान मराठी शब्द उचलतो; बाकीचे नऊ आवाज त्याला गलबला वाटतात. बिनतारीत प्रत्येक वापरणाऱ्याला एक व शून्य यांचा एक लांबलचक क्रम दिलेला असतो. संदेशातील एकेक अक्षर या क्रमात गुंफून, ताणून, रुंद पट्ट्यावर पसरले जाते. ऐकणाऱ्याकडे तोच क्रम असतो. तो क्रम जुळवून बेरीज केली की आपला संदेश साचत जातो. इतरांचे क्रम जुळत नसल्यामुळे त्यांच्या अधिक-उणे संख्या एकमेकींना बहुतांशी खोडतात. जितका पट्टा रुंद आणि संदेश सावकाश, तितका हा लाभ मोठा. आपल्या देशात २००३ च्या सुमारास सी. डी. एम. ए. नावाचे जे मोबाईल आले, आणि पुढे बंद पडले, त्यांत सेकंदाला ९,६०० अंकांचा संदेश १२८ पट ताणून सुमारे सव्वा मेगाहर्ट्झवर पसरला जाई.

याच कुळातली दुसरी युक्ती उड्या मारण्याची. १९४२ साली हॉलिवुडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. बोलणारा व ऐकणारा दोघेही ठरलेल्या क्रमाने एका कंपनसंख्येवरून दुसरीवर उड्या मारीत जातात. मध्ये कोणी आडवा आला तरी एखादीच उडी वाया जाते. आजचे ब्लूटूथ ७९ जागांवर सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारते, आणि जी जागा गजबजलेली दिसेल ती वगळून पुढे जाते.

या कुळाचे टोक म्हणजे अतिरुंद पट्ट्याची पद्धत. तिच्यात सेकंदाच्या एक अब्जांश भागाएवढ्या किंवा त्याहूनही लहान स्पंदांनी संदेश जातो. इतक्या वेळात प्रकाशही फक्त ३० सेंटिमीटर चालतो. म्हणूनच हरवलेली किल्ली खोलीत नेमकी कोठे आहे, हे असे यंत्र वीतभर अंतरापर्यंत सांगू शकते. दोन वापरणाऱ्यांचे स्पंद एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येकाचा स्पंद सोडण्याच्या क्षणांचा क्रम निराळा असतो. क्वचित दोन स्पंद आदळतात. पण एका अक्षरासाठी पुष्कळ स्पंद सोडले असल्यामुळे बाकीच्यांच्या बहुमताने अक्षर वाचते.

अमेरिकेने २००२ साली या पद्धतीला ३,१०० ते १०,६०० मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला केला, पण शक्तीवर कडक बंधन घातले. दर मेगाहर्ट्झला वॅटच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी शक्ती! साडेसात हजार मेगाहर्ट्झची सगळी बेरीज केली तरी ती अर्ध्या मिलिवॅटच्या जराशी वर जाते. घरातल्या ९ वॅटच्या दिव्याच्या हा सुमारे सोळा हजारावा भाग झाला. शेजाऱ्याच्या अरुंद पट्ट्यावर त्यातला इतका थोडा अंश पडतो की तो त्याच्या खरखरीत मिसळून जातो.

बलवानाने हळू बोलावे

या रीतीत सर्वांत मोठा धोका जवळच्या माणसाचा असतो. समजा, टॉवरच्या पायथ्याशी एक जण बोलतो आणि पाच किलोमीटरवर दुसरा. दोघांची यंत्रे सारख्याच शक्तीची असतील तर जवळच्याचा आवाज दूरच्याहून लाखो पटींनी मोठा पोहोचेल. खुणेचा लाभ शंभर-सव्वाशे पट आहे; तो लाखापुढे काय टिकणार? दूरचा बुडालाच.

याला उपाय एकच निघाला. टॉवरने प्रत्येकाला क्षणोक्षणी सांगावयाचे: तू शक्ती कमी कर, तू थोडी वाढव, सर्वांचे आवाज माझ्यापाशी सारखे पोहोचले पाहिजेत. सी. डी. एम. ए. मध्ये हा हुकूम सेकंदाला ८०० वेळा जाई. त्यानंतरच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रांत १,५०० वेळा. जो जवळ आहे, ज्याला सोय आहे, त्याने हळू बोलावे, म्हणजे दूरच्यालाही बोलता येते. हा समतेचा नियम कोणा साधुसंताने घालून दिलेला नाही. यंत्रांच्या हिशेबातून तो निघाला आहे. असे केल्याने बलवानाचेही नुकसान होत नाही, कारण त्याचे बोलणे तेवढ्या शक्तीत पुरेसे पोहोचतेच.

येथे एक शंका कोणी काढील. सर्वांनी हळू बोलायचे ठरले, तर हवे तितके लोक एकदम बोलू शकतील काय? नाही. प्रत्येक नवा बोलणारा इतरांच्या खरखरीत चिमूटभर भर घालतो. एक चिमूट कळत नाही. हजार चिमटींचे पोते भरते. म्हणून कुजबुजीच्या रीतीलाही संख्येची मर्यादा आहे. आज पंपाला मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर आहेत, ठिबकाच्या झडपा बिनतारीने उघडणारी यंत्रे आहेत, उसात बिबट्याची चाहूल देणारी साधने आहेत. ही सर्व उपयोगाची आहेत. त्यांतली काही माणसाचा जीव वाचविणारी आहेत. प्रत्येकाची शक्ती थोडी. परंतु ती सर्व त्याच आकाशात बोलतात. आकाश कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा १९९५ च्या निकालात न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. गायरानासारखेच हे आहे. जे सर्वांचे असते त्याला नियम नसला तर ते कोणाचेच राहत नाही.

खोडदचा कान

आतापर्यंत बोलणाऱ्यांविषयी बोललो. आता अशा एका वापरणाऱ्याकडे वळू, की जो कधी बोलतच नाही; फक्त ऐकतो. तो आपल्या तालुक्यात राहतो.

नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप, ते २०२० साली निवर्तले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ तीन बाहूंवर, सर्वांत लांबचे अंतर सुमारे २५ किलोमीटर. थाळ्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या, दोरांच्या सांगाड्यावर ताणलेल्या. त्यामुळे वजन व खर्च दोन्ही वाचले. २००१ साली तिचे लोकार्पण झाले. ही जागा निवडताना ज्या गोष्टी पाहिल्या त्यांत एक प्रमुख होती: येथे माणसाने केलेला बिनतारी गोंगाट कमी होता आणि भोवतालचे डोंगर आडोसा देत होते.

ही दुर्बीण किती बारीक ऐकते? चंद्रावर एक साधा मोबाईल फोन ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ उगमांपैकी एक ठरेल, असे खगोलशास्त्रज्ञ सांगतात. मग तोच फोन चंद्राऐवजी अँटेनेपासून एक किलोमीटरवर असला तर? अंतर ३ लाख ८४ हजार पट कमी झाले, आणि लहरीचे बळ अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणजे सुमारे चौदा-पंधरा हजार कोटी पट! १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा ४०० मेगाहर्ट्झजवळचा क्षीण संदेश खोडदने थेट ऐकला, आणि तो तुटला तेही येथे ऐकणाऱ्यांना कळले. ते यान मंगळावर आदळून नष्ट झाले.

येथे वापरणाऱ्यांमधील व्यत्ययाचा प्रश्न एका निराळ्या टोकाला जातो. मोबाईलचा टॉवर दूरच्या फोनला ‘थोडे मोठ्याने बोल’ असे सांगू शकतो. तारकाविश्वाला तसे कोण सांगणार?

कोणी म्हणेल, मग शास्त्रज्ञांना पट्ट्याचा एक तुकडा बांध घालून द्यावा. तसा दिलेला आहे. हायड्रोजन वायू १,४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. म्हणून १,४०० ते १,४२७ हा पट्टा साऱ्या जगात राखीव आहे, त्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही. पण विश्व प्रसरण पावत आहे. दूरच्या तारकाविश्वातला हायड्रोजनचा आवाज वाटेत ताणला जाऊन खालच्या कंपनसंख्येवर पोहोचतो. २०२३ च्या जानेवारीत खोडदच्या निरीक्षणांतून अशा एका तारकाविश्वाच्या हायड्रोजनचा शोध जाहीर झाला. ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती आणि येथे पोहोचताना ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरली होती. म्हणजे ती राखीव बांधाच्या फार बाहेर होती. निसर्ग सरकारी वाटणी मानीत नाही. म्हणून अलीकडे दुर्बीण सुधारली तेव्हा पूर्वीच्या ३२ मेगाहर्ट्झऐवजी एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टा ऐकण्याची सोय केली. आज ती १२० पासून सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत चार रुंद पट्ट्यांत ऐकते. मात्र ८५० च्या वर एक मोठी खिंड सोडावी लागली आहे. तिथे मोबाईलचा राबता आहे. दार रुंद उघडले की पाहुण्यांबरोबर धूळही येणारच.

खांबावरची ठिणगी

ही धूळ कोठून येते? टॉवरवरून येते, उपग्रहांवरून येते; उपग्रह डोक्यावर असल्याने त्यांना डोंगर अडवीत नाही. परंतु एक मोठा उगम आपल्या नजरेसमोरच असतो आणि आपण त्याला बिनतारी यंत्र म्हणत नाही. तो म्हणजे विजेचा खांब.

विजेच्या वाहिनीवर कोठे एखादा खिळा-पट्टी सैल होते, कोठे चिनीमातीचा चिमणीसारखा इन्सुलेटर तडकतो, कोठे वेल चढतो. मग त्या फटीत ठिणगी पडू लागते. मघा सांगितलेली मार्कोनीची ठिणगी तीच ही. शक्ती थोडी, पट्टा प्रचंड रुंद. आपल्या विजेचा दाब सेकंदाला ५० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा शिगेला जातो. म्हणून ठिणग्यांचा जत्था सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला उठतो. अतिरुंद पट्ट्याचे यंत्र निदान कायद्याने बांधलेले आहे. अमेरिकेच्या नियमांत तर ९६० ते १,६१० मेगाहर्ट्झमध्ये त्याची मर्यादा आणखी सुमारे अडीच हजार पटींनी खाली आणली आहे. आपला सैल खांब मात्र विनापरवाना, बिनखुणेचा, अष्टौप्रहर बोलणारा प्रक्षेपक आहे. त्याच्या बोलण्याला अर्थ नाही आणि त्याला पाळी लावता येत नाही.

दुर्बिणीचे तंत्रज्ञ यावर तीन बाजूंनी उपाय करतात. एक, आलेल्या आवाजाचा प्रत्येक नमुना यंत्र तपासते. आसपासच्या नमुन्यांचा मधला आकडा काढून, त्यापासून बेसुमार दूर गेलेला नमुना ठिणगीचा समजून तेथल्या तेथे काढून टाकते. दोन, तीस कानांचा फायदा. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. एका वस्तीजवळची ठिणगी दहा-वीस किलोमीटरवरच्या अँटेनेला ऐकू येत नाही. आणि ताऱ्याचा आवाज दोघींना ऐकू येतो. दोन साक्षीदार दूर राहत असून एकच हकीकत सांगतात, तेव्हा ती खरी धरावी, तसे हे. शिवाय पृथ्वी फिरते म्हणून तारा सरकतो. यंत्र त्याच्या मागे मागे हिशेब फिरवीत जाते. जमिनीवरचा उगम जागचा हलत नसल्याने या फिरत्या हिशेबात विरघळून जातो. ही युक्ती दूरच्या जोड्यांत चांगली चालते, मधल्या चौकातील जवळच्या जोड्यांत तितकी नाही. म्हणून तिसरा उपाय लागतोच: अँटेना घेऊन रानोमाळ फिरावयाचे, ठिणगीचा खांब शोधावयाचा आणि वीज खात्याकडून तो दुरुस्त करून घ्यावयाचा. आमच्या मते तिन्हींत हा श्रेष्ठ. पहिल्या दोहोंत घाण गाळली जाते, तिसऱ्यात ती मुळातच थांबते. त्यात शेतकऱ्याचाही लाभ आहे. ठिणगी पडणारा खांब आज ना उद्या वीज घालवितो, उसाला आग लावतो.

शांततेची किंमत कोणी द्यावी

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. दुर्बिणीभोवती सुमारे ३० किलोमीटरच्या परिघात नवा उद्योग काढावयाचा तर केंद्राची ना-हरकत लागते. शेजारच्या खेड तालुक्यात चाकणला कारखान्यांची रांग उभी राहिली; आपली मुले तिकडे बसने, मोटारसायकलने जातात, तिकडेच खोल्या घेऊन राहतात. पुणे–नाशिक अतिजलद रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळून आखला होता. विजेच्या गाडीचा दांडा वरच्या तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात; दुर्बिणीच्या बाजूने हरकत आली, आणि २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी शिर्डीमार्गे जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाची गोष्ट संसदेत सांगितली. जुन्नर, आंबेगाव व खेड येथील लोकांना त्याचे वाईट वाटले, यात नवल नाही.

या वादात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, ताऱ्यांचे आवाज ऐकून कोणाच्या ताटात भाकरी पडते? हे मत आम्हांला मान्य नाही. ज्या युक्त्यांनी आज मोबाईल चालतो, त्यांतल्या कित्येक क्षीण आवाज गोंगाटातून निवडण्याच्या विद्येतूनच आल्या. आणि भाकरीपलीकडचे ज्ञान फक्त श्रीमंतांच्या मुलांनी मिळवावे, असे कामगारांनी कधीच म्हटलेले नाही. २०२३ च्या जूनमध्ये विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावा जगापुढे आला, त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. हा मान या मातीचा आहे.

दुसरे मत म्हणते, विज्ञानासाठी गावांनी मुकाट्याने सोसावे. हेही आम्हांला मान्य नाही. मघाचा नियम आठवावा: बलवानाने हळू बोलावे, म्हणजे दुबळ्याला बोलता येते. शांतता जगाच्या उपयोगाची असेल, तर तिची किंमत दोन तालुक्यांनीच द्यावी हा न्याय नव्हे. बिनतारी गोंगाट न करणारे उद्योग पुष्कळ आहेत. टोमॅटो, द्राक्षे, दूध यांवरची प्रक्रिया, शीतगृहे, नीट आच्छादन घातलेली यंत्रसामग्री. अशा उद्योगांना ना-हरकत मिळण्याची वाट सोपी व मुदतीची असावी. कोणता उद्योग किती गोंगाट करतो हे मोजून, कागदावर लिहून, लोकांना दाखवून ठरवावे. येथील मुलांना व्यत्यय मोजण्याचे आणि दुरुस्त करण्याचे प्रशिक्षण मिळावे. जगभर गजबज वाढत असताना या कामाचे कारागीर सगळीकडे लागणार आहेत. आणि विज्ञानासाठी रेल्वे वळविली, तर तिच्याबरोबर गेलेला रोजगार दुसऱ्या रूपाने परत देण्याचा हिशेब सरकारने मांडावा.

आपल्याकडूनही काही अपेक्षा आहेत. खांबावर रात्री ठिणगी दिसली, तडतड ऐकू आली, तर खांबाचा नंबर लिहून वीज कचेरीत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पंपाच्या पेटीतील सैल जोड घट्ट करून घ्यावेत. बिनछापाचे स्वस्त दिवे व चार्जर घेऊ नयेत. त्यांतील भिकार जोडणी रेडिओत जी खरखर करते, तीच आकाशातही करते. २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदचे दार लोकांना उघडते, तेव्हा मुलांना घेऊन जावे, तिथल्या मंडळींना प्रश्न विचारावेत, आणि आपल्या अडचणीही त्यांच्या कानावर घालाव्यात. एवढा दूरचा क्षीण आवाज जिथे ऐकू येतो, तिथे शेजारच्या गावाचा आवाज पोहोचविणे हे आपलेच काम आहे.